टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ, यकृत आणि लवंग-दालचिनीचे तेल: उंदरांवरील प्रयोगांवर किती विसंबावे?

निशिगंध

नमस्कार. माझे यजमान अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील रंगाच्या एका कारखान्यात मिक्सिंग विभागात काम करतात. टायटॅनियम डायऑक्साइडच्या, म्हणजे रंगाला पांढरेपणा देणाऱ्या भुकटीच्या, पंचवीस किलोच्या कागदी गोण्या फोडून टाकीत ओतणे हा त्यांच्या पाळीतला रोजचा भाग आहे. हात-तोंड धुऊन घरी आले तरी भुवयांत आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली पांढरी भुकटी दिसतेच. यंदाच्या रक्ततपासणीत त्यांचे एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) ६८ आले; प्रयोगशाळेने वरची मर्यादा ४५ दिली होती. बिलिरुबिन आणि बाकीचे आकडे मर्यादेत होते. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगितली आहे.

माझे धाकटे दीर रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत. त्यांनी काही शोधनिबंधांचे सारांश वाचायला पाठवले. त्यांत असे दिसते की उंदरांना टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, पाजल्यावर यकृताला इजा होते आणि सोबत दालचिनी, लवंग, ओवा यांसारख्या वनस्पतींचे सुगंधी तेल दिल्यास ती इजा बरीच कमी होते. हे वाचल्यापासून यजमान रोज सकाळी अनशापोटी लवंग तेलाचे पाच-सहा थेंब मधातून घेऊ लागले आहेत. बाटलीवर "शुद्ध, नैसर्गिक" एवढेच छापले आहे, प्रमाण कुठेच दिलेले नाही.

हे प्रयोग विश्वासार्ह आहेत का, आणि असतील तर माणसाने किती तेल घ्यावे? गोणीतली भुकटी हे नॅनोकणच असतात का? शिवाय युरोपात या पदार्थावर बंदी आली असे ऐकले, मग आपल्याकडे कामगाराने तो रोज हाताळणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. मला यात धीर देणाऱ्या शब्दांपेक्षा नेमकी माहिती हवी आहे.

सूक्ष्मदर्शी

निशिगंधताई, मी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात विषशास्त्र शिकवतो आणि अशा प्रकारचे प्राण्यांवरील प्रयोग जवळून पाहिलेले आहेत, म्हणून प्रयोगांच्या बाजूने लिहितो. त्याआधी एक विनंती: हे उत्तर पूर्ण वाचून होण्याची वाट न पाहता उद्या सकाळपासून तेल बंद करावे. कारण पुढे येईलच.

रक्तात उतरलेल्या बाहेरच्या कणांपैकी मोठा वाटा यकृतातच अडकतो. यकृतातील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर कुप्फर पेशी नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात आणि रक्तातील परके कण गिळणे हेच त्यांचे काम असते. टायटॅनियम डायऑक्साइड विरघळत नाही, त्यामुळे गिळलेला कण पेशीत तसाच राहतो. त्याच्या पृष्ठभागावर आणि चिडलेल्या पेशीत ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे तयार होतात, ती पेशीपटलातील स्निग्ध पदार्थांवर हल्ला करतात, दाह वाढवणारे संकेत सुटतात आणि शेजारच्या यकृतपेशी फुटू लागल्या की त्यांतील विकरे (एन्झाइम) रक्तात उतरतात. एसजीपीटी हे त्यांपैकीच एक विकर. या सगळ्याविरुद्ध पेशीची मुख्य ढाल म्हणजे ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू.

आता तेलांकडे येऊ. दालचिनीच्या सालीच्या तेलातील सिनॅमाल्डिहाइड हा रेणू थेट ढाल होत नाही. तो पेशीतील कीप-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे एनआरएफ-२ हे दुसरे प्रथिन मोकळे होऊन केंद्रकात शिरते आणि ग्लुटाथायोन तयार करणाऱ्या व इतर संरक्षक विकरांचे उत्पादन वाढवते. याचा अर्थ असा की तेल पेशीला सौम्य इजा करते आणि त्या इजेच्या धाकाने पेशी आपले संरक्षण वाढवते. तालमीत बेताचा ताण दिला तर अंग घट्ट होते आणि झेपेल त्याहून जास्त दिला तर सांधा निखळतो, तसाच हा प्रकार आहे. कमी मात्रेत ग्लुटाथायोन वाढवणारा रेणूच जास्त मात्रेत ग्लुटाथायोनशी जोडला जाऊन त्याचा साठा संपवतो. लवंगेतील युजेनॉलचेही तसेच आहे. थोड्या प्रमाणात ते ऑक्सिडीकरण रोखते, पण मात्रा वाढली की यकृतात त्याचे क्विनोन मेथाइड या दाहक रूपात परिवर्तन होते आणि ते निष्प्रभ करण्यासाठी ग्लुटाथायोनच खर्ची पडते. पॅरासिटामॉलच्या अतिसेवनात यकृत ज्या वाटेने जाते, तिच्याशी ही वाट फार मिळतीजुळती आहे. आपण ज्या साठ्याचे रक्षण करू पाहतो, त्याच साठ्यातून या तेलाची किंमत चुकती होते. उंदरांवरील निबंधांच्या सारांशात ही बाजू सहसा येत नाही.

हिशेब करून पाहा. लवंगेच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असते. एक थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटरचा धरला तर त्यातून ४० मिलिग्रॅमच्या आसपास युजेनॉल पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने युजेनॉलचे स्वीकारार्ह दैनंदिन सेवन दर किलो वजनामागे २.५ मिलिग्रॅमपर्यंत ठेवले आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम. चार थेंबांतच ती मर्यादा गाठली जाते आणि आपले यजमान पाच-सहा घेत आहेत, तेही अनशापोटी. याने लगेच अनर्थ होईल असे मी म्हणत नाही, कारण ही मर्यादा आयुष्यभराच्या सेवनासाठी भरपूर अंतर ठेवून आखलेली असते. पण ज्याचे एसजीपीटी आधीच वाढलेले आहे, त्याने ती रोज ओलांडण्याला काहीच आधार नाही.

प्रयोग विश्वासार्ह आहेत का, या प्रश्नाचे उत्तर असे की ते बहुधा प्रामाणिकपणे केलेले आहेत, परंतु ते वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. इजिप्तमध्ये आणि इतरत्रही अशा प्रयोगांत उंदराला नॅनोकण रोज थेट जठरात दिले जातात. गोल टोकाची वाकडी सुई घशातून आत घालावी लागते आणि कण पाण्यात ध्वनिलहरींनी विखुरून घ्यावे लागतात. काही मिनिटे तसेच ठेवले की पांढरा थर तळाशी बसू लागतो. पहिल्या उंदराला आणि शेवटच्या उंदराला एकच मात्रा मिळावी यासाठी दर वेळी ते ढवळावे लागते आणि हे कितपत पाळले गेले हे निबंधात क्वचितच लिहिलेले असते. मात्राही दर किलोमागे ५० ते ३०० मिलिग्रॅम अशा मोठ्या असतात, कारण थोड्या आठवड्यांत डोळ्यांना दिसेल अशी इजा घडवायची असते. पुढे यकृताचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कण दिलेल्या गटात मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशी सुजलेल्या दिसतात, आणि तेलही दिलेल्या गटात त्यांच्या रांगा पुष्कळशा नीट असतात. हा फरक मी स्वतः पाहिलेला आहे आणि तो खरा असतो.

मात्र बहुतेक वेळा तेल कणांच्या आधीपासून किंवा कणांसोबतच दिलेले असते. दोन्ही एकाच जठरात एकाच वेळी गेले तर तेलाने यकृत वाचवले की कणांना आतड्यातच गुठळ्या करून अडवले, हे सांगता येत नाही. ते ठरवायचे तर यकृतातील टायटॅनियम मोजावे लागते आणि पुष्कळ निबंधांत ते मोजलेलेच नसते. आधीच झालेली इजा तेलाने भरून येते का, हाही वेगळा प्रश्न आहे आणि आपल्या घरातला प्रश्न तोच आहे.

मोठ्या उंदराची (रॅटची) मात्रा माणसाला लावण्याचा रूढ मार्ग म्हणजे दर किलोची मात्रा ६.२ ने भागणे. समजा उंदराला १०० मिलिग्रॅम प्रतिकिलो तेल दिले असेल, तर ६० किलोच्या माणसाला जवळपास ९७० मिलिग्रॅम होईल, म्हणजे वीसेक थेंब. लवंग तेलाच्या बाबतीत ही मात्रा वर दिलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून "किती घ्यावे" याला माझे उत्तर असे की या कारणासाठी माणसाने घ्यावी अशी मात्रा आज ठरलेली नाही आणि थेंब मोजून ती घरी ठरवता येणार नाही.

पाळीतला_डॉक्टर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी औद्योगिक आरोग्य क्षेत्रात काम करतो, म्हणून कारखान्याच्या बाजूने लिहितो.

रंगासाठी वापरले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड मुद्दाम २०० ते ३०० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आकाराचे केलेले असते, कारण प्रकाश सर्वाधिक विखुरून दाट पांढरेपणा देणारा आकार तोच आहे. नॅनो हा शब्द १०० नॅनोमीटरच्या खाली वापरतात. सनस्क्रीनमधील किंवा प्रकाश-उत्प्रेरकासाठी बनवलेले प्रकार त्याहून बारीक असतात आणि प्रयोगांतील उंदरांना बहुधा तेच दिलेले असतात. गोणीतल्या भुकटीत थोडे बारीक कण मिसळलेले असू शकतात, तरी गोणीतला पदार्थ आणि निबंधातला पदार्थ एकच आहे असे धरून चालता येत नाही. गोणीवरील श्रेणी आणि पुरवठादाराचे सुरक्षा माहितीपत्रक पाहिले की हे कळते.

युरोपातील बंदी ही खाद्यपदार्थांपुरती आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मे २०२१ मध्ये ई-१७१ हा रंग, म्हणजे खाद्यपदार्थांत घातले जाणारे टायटॅनियम डायऑक्साइड, अन्नात सुरक्षित मानता येत नाही असे मत दिले आणि २०२२ मध्ये बंदी लागू झाली. त्यामागचे कारण यकृताची इजा हे नव्हते. जनुकद्रव्याला हानी होण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे कारण होते. पोटातून तो फारच थोडा शोषला जातो हेही त्याच मतात नमूद आहे. सूक्ष्मदर्शी यांनी ज्या संयुक्त समितीचा उल्लेख केला, तिने २०२३ मध्ये याच माहितीचा विचार करून वेगळा निष्कर्ष काढला आणि सेवनाची मर्यादा आखण्याची गरज नाही हे आपले जुने मत कायम ठेवले. तज्ज्ञांत मतभेद आहे, पण तो खाण्याबद्दल आहे.

कामगाराचा प्रश्न श्वासाचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीला २-ब गटात, म्हणजे "माणसात कर्करोगकारक असू शकते" अशा गटात ठेवले, ते मुख्यतः श्वासातून धूळ घेतलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतील गाठींवरून. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०११ मध्ये सुचवलेली मर्यादा साध्या बारीक धुळीसाठी दर घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म कणांसाठी ०.३ मिलिग्रॅम आहे. कण जितका बारीक तितकी मर्यादा कडक, एवढे यातून घ्यावे. या धुळीत आधी काळजी करायची ती फुप्फुसांची, यकृताची नंतर.

म्हणून एसजीपीटी ६८ दिसल्यावर माझी नजर आधी दुसरीकडे जाते. आपल्याकडे अशा किंचित वाढीचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे यकृतातील चरबी. वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि ट्रायग्लिसराइड पाहावेत, पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, हिपॅटायटिस बी आणि सी तपासावेत, मद्य आणि चालू असलेली औषधे यांची माहिती डॉक्टरांना मोकळेपणाने द्यावी. चालू औषधांत हे तेलही मोडते. मिक्सिंग विभागात भुकटीबरोबर झायलिन, टोल्युइन यांसारखी द्रावके (सॉल्व्हंट) वापरली जातात का हे अवश्य विचारा, कारण यकृताच्या दृष्टीने मी पांढऱ्या भुकटीपेक्षा द्रावकांच्या वाफेचा विचार आधी करीन.

आता कारखान्यात काय करता येईल ते. गोणी जिथे फोडतात त्या तोंडाशी धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी. ती असूनही बंद असते, किंवा तिच्या पिशव्या महिनोन् महिने झाडलेल्या नसतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. रिकामी गोणी काखेत दाबून घडी करताना जो पांढरा लोट उठतो, तो ओतताना उठणाऱ्या धुळीइतकाच वाईट असतो. गोणी धूळ ओढणाऱ्या यंत्रणेच्या तोंडाशी धरूनच गुंडाळावी. पाळी संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकण्याची सवय फार सर्रास आहे आणि ती तातडीने थांबवली पाहिजे, कारण खाली बसलेली धूळ त्यामुळे थेट नाकासमोर येते. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी किंवा योग्य गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने साफ करावी. कापडी रुमाल हा मास्क नव्हे. एन-९५ दर्जाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी असतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत. घरी आणावेच लागले तर मुलांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी कलमे जोडली गेली, त्यांत धोकादायक प्रक्रियांच्या यादीत रंग व रंगद्रव्यांचा उद्योग स्पष्टपणे घातला गेला. हाताळलेल्या पदार्थाची माहिती मिळणे आणि स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी पाहता येणे ही त्याच कलमांतील तरतूद होती (हा अधिनियम २०२५ पर्यंत लागू होता). माहितीपत्रक मागणे म्हणजे तक्रार करणे नव्हे, हे यजमानांना जरूर सांगा. दाद लागली नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाता येते.

अनुपान

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे आणि या विषयावर आमच्या बाजूने बोलणे आवश्यक वाटते, कारण असे थेंब अनेकदा "आयुर्वेदिक" म्हणूनच घेतले जातात.

लवंग आणि दालचिनी आम्ही चूर्णात, काढ्यात, इतर द्रव्यांसोबत आणि बेताने वापरतो. ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल हे त्या द्रव्याचे फार तीव्र रूप आहे. लवंगेच्या कळीत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असते, म्हणजे एका लवंगेत दहा-पंधरा मिलिग्रॅम. त्या मानाने एक थेंब म्हणजे चार-पाच लवंगा आणि सहा थेंब म्हणजे पंचवीस-तीस लवंगा होतात. रोज सकाळी रिकाम्या पोटी तीस लवंगा चावून खा, असे कोणताही वैद्य सांगणार नाही. लवंग तीक्ष्ण आहे, आणि पित्तप्रकृतीच्या माणसाला तर अनशापोटी ती मुळीच देऊ नये.

दालचिनीबद्दलही सांगतो. बाजारात स्वस्त मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुधा कॅसिया असते आणि तिच्यात कुमारिन हा नैसर्गिक सुगंधी पदार्थ पुष्कळ असतो. युरोपीय प्राधिकरणाने कुमारिनची दैनंदिन मर्यादा दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे, तीही यकृतावरील परिणाम लक्षात घेऊनच. पातळ, अनेक पदरी गुंडाळलेल्या श्रीलंकेच्या दालचिनीत ते अगदी थोडे असते. पुन्हा दालचिनीच्या पानांचे तेल आणि सालीचे तेल यांत मोठा फरक आहे: पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल, सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड. बाटलीवर नुसते "दालचिनी तेल" लिहिले असेल तर यांपैकी काय पोटात जाते हे कळत नाही.

वनस्पती आहे म्हणून यकृताला निर्धोक, असे मी माझ्या रुग्णांना सांगत नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांतील यकृतदाहाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आणि आयुष मंत्रालयाने त्यांवर आक्षेप घेतला. त्या वादात कोण किती बरोबर हा वेगळा विषय आहे, परंतु तेव्हापासून दीर्घकाळ चालणाऱ्या कोणत्याही औषधाआधी आणि नंतर मी यकृताची तपासणी करून घेतो. ताई, यजमानांना एखाद्या वैद्यांकडून औषध घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण रिपोर्ट दाखवून, आणि डॉक्टरांपासून न लपवता.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. तेल आजपासून बंद केले. यजमानांनी पर्यवेक्षकांकडे माहितीपत्रक मागितले. ते मिळाले आणि त्यात "रंगद्रव्य श्रेणी, रुटाइल" असे लिहिले आहे. गोणीच्या तोंडाशी धूळ ओढणारा पाइप आहे, पण तो वरच्या बाजूला फाटलेला आहे असे ते म्हणाले. द्रावकांच्या टाक्या त्याच शेडमध्ये आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. तेल एकदम थांबवल्याने काही त्रास होतो का? आणि दिरांचे म्हणणे असे की प्रयोगांत साधे तेल नसते, प्रथिनाच्या आवरणात बंद केलेले असते, त्यामुळे ते सुरक्षित होते. तशा "नॅनो" कॅप्सूल ऑनलाइन मिळतात. त्या घ्याव्यात का? स्वयंपाकातील मसालेही कमी करावेत का, असे सासूबाई विचारत आहेत.

सूक्ष्मदर्शी

तेल एकदम थांबवल्याने त्रास होत नाही, सवय लागण्यासारखे त्यात काही नाही. उलट त्यामुळे पुढची तपासणी अर्थपूर्ण होईल. तीन महिन्यांऐवजी चार ते सहा आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तेल थांबवल्यावर आकडा उतरला तर एक धागा हाती लागेल, न उतरल्यास चरबी आणि द्रावके यांचा शोध जोमाने घ्यावा लागेल. माहितीपत्रकावरून पाहता (रुटाइल हे त्याच्या स्फटिकाच्या एका प्रकाराचे नाव) गोणीतला पदार्थ निबंधांतील नॅनोकणांपेक्षा वेगळा आहे, त्यामुळे ते निबंध आपल्या घरच्या प्रश्नाला फारसे लागू पडत नाहीत. फाटलेला पाइप मात्र शिवून किंवा बदलून घेण्याचा आग्रह धरावा.

दिरांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातील प्रथिन (व्हे प्रोटीन) किंवा कोळंबीसारख्यांच्या कवचापासून काढलेले कायटोसान यांच्या आवरणात तेल बंद करतात, ते उडून जाऊ नये, जठरात बिघडू नये आणि जास्त प्रमाणात शोषले जावे म्हणून. जास्त शोषले जाणारे तेल उपकारक असेल तर जास्त उपकार करील आणि अपायकारक असेल तर त्याचा अपायही लवकर होईल. आवरणामुळे युजेनॉलचे यकृतातील रूपांतर बदलत नाही. शिवाय प्रयोगशाळेत त्या दिवशी बनवलेले, आकार मोजलेले आवरण आणि ऑनलाइन विकत घेतलेली कॅप्सूल यांत "नॅनो" हा शब्द सोडला तर काय समान आहे, हे विकणाऱ्याने दाखवून द्यायला हवे. तसे दाखवलेले मला आढळलेले नाही. कॅप्सूल घेऊ नयेत.

सासूबाईंना सांगा की मसालेभातातली लवंग, चहातली दालचिनी, फोडणीतला ओवा यांना हात लावण्याची गरज नाही. अन्नातून जाणारे प्रमाण फार थोडे असते आणि ते जेवणासोबत हळूहळू जाते.

डॉक्टरांकडे जाताना ती बाटली सोबत न्या आणि किती आठवडे, किती थेंब घेतले ते कागदावर लिहून द्या. मधल्या काळात लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, सततची मळमळ किंवा अंगाला खाज असे काही जाणवले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आणि घरात लहान मूल असेल तर उरलेली बाटली त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. ५ ते १० मिलिलिटर लवंग तेल प्यायलेल्या दोन वर्षांच्या मुलाला बेशुद्धी, झटके आणि यकृताला तीव्र इजा झाल्याची नोंद १९९३ मध्ये ब्रिटनमधील वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. दाढदुखीसाठी घरोघरी ठेवतात ती छोटी बाटलीही साधारण तेवढीच असते.